नियम क्रमांक सात

४ मे, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. ई-मेलची. वजनाची जुनी रोजनिशी याच वहीत मागच्या बाजूने सहा पानं आहे. तिकडे बघायचं नाही.

इनबॉक्समध्ये न वाचलेले मेल: ११,४८२.

कारण आमची गल्ली. धारूरात आमच्या गल्लीत कुणीही कसलाही फॉर्म भरला की ई-मेलच्या रकान्यात माझा आयडी टाकतो. पीक विमा, शिष्यवृत्ती, गॅस, पोलीस भरती. 'सरांचा टाका' म्हणतात. मी सर नाही, ज्युनिअर कॉलेजात वरिष्ठ लिपिक आहे. पण एमएससीआयटीला ८७ टक्के पडल्यापासून सगळे सर म्हणतात आणि मी कुणाला दुरुस्त करत बसत नाही.

संकल्प: महिन्याभरात इनबॉक्स शून्य. साधन: नियम. मेलमध्ये 'नियम' अशी सोयच असते. अमुक शब्द दिसला की तमुक फोल्डर, असं एकदा सांगून ठेवायचं. पुढे सगळं आपोआप. शिस्त माझ्या रक्तातच आहे, फक्त आजवर योग्य यंत्र मिळालं नव्हतं.

संध्याकाळी ६
सत्यशीला, म्हणजे आमची मंडळी, पाण्याचा टँकर गेल्यावर शेजारी येऊन बसली. गेल्या आठवड्यात माहेरी पालीला गेलती तेव्हा तिनं बीडच्या नेट कॅफेत एक फॉर्म भरला म्हणे. मुलींच्या निवासी शाळेत अधीक्षिकेची जागा. बरोबर तिची डीएडची मैत्रीण अनिसा होती, तिनंही भरला. वयाची अट पंचेचाळीस. हिला जुलैत पंचेचाळीस पूर्ण होतात. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. 'शाळा फक्त ई-मेलनं कळवणार हाय, तुमचाच आयडी अन् मोबाइल नंबर दिलाय,' म्हणाली. 'फॉर्मवर नावाचं जरा...' असंही काहीतरी म्हणत होती. मी म्हटलं, नाव, पत्ता, मेल, सगळं माझ्यावर सोड. तू घरातलं बघ.

बावीस वर्षं झाली लग्नाला. डीएडचं सर्टिफिकेट ट्रंकेत, साड्यांच्या खाली. आता एकदम काय सुचलं कळत नाही. पण मेल माझ्या आयडीवर येणार आहे, तर व्यवस्था चोख पाहिजे.

५ मे
नियम क्रमांक एक. मेलमध्ये 'सत्यशीला' दिसलं, मराठीत किंवा इंग्रजीत, की 'अति महत्त्वाचे' फोल्डर, ताऱ्याची खूण, आणि मोबाइलवर घंटा.

चाचणी म्हणून मीच मला मेल पाठवला: 'सत्यशीला.' टिंग! ती कणकेच्या हातानं स्वयंपाकघरातून पळत आली. पत्र नाही, चाचणी आहे म्हटल्यावर हसली. म्हणाली, 'जमलं की हो तुमाला.'

नावही भारदस्त आहे. मीच ठेवलंय. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं तेव्हा ळ का ल असा गोंधळ झाला नव्हता, असं भटजीही म्हणाले. पालीला तिला सगळे अक्का म्हणतात, थोरली म्हणून. अक्का काय, कुणीही असतं. सत्यशीला एकच.

६ मे
नियम क्रमांक दोन. 'अभिनंदन', 'कॉंग्रॅच्युलेशन्स', 'तुमची निवड झाली आहे' हे शब्द आले की थेट जंक. विचार सोपा आहे. सत्तेचाळीस वर्षांत कुणी उगाच माझं अभिनंदन केलेलं नाही. जो करतो तो चोर.

एका दिवसात १,९०० मेल साफ.

८ मे
कॉलेजात धोंडीराम (माझ्या शेजारच्या टेबलावरचा, बालमित्र) म्हणाला, 'कावून आला न्हाईस बे काल? साहेब लई भडकलते.' प्राचार्यांनी सगळ्यांना मेल केला होता: 'निकालाबद्दल सर्वांचे अभिनंदन. उद्या दहा वाजता बैठक.' माझ्याकडे तो जंकमध्ये. मेमो मिळाला.

चूक प्राचार्यांची. बैठकीची सूचना सुरुवातीला अभिनंदन घालून देतात का कुणी?

नियम क्रमांक तीन: प्राचार्यांचं अभिनंदन खरं धरावं.

११ मे, दुपारी २
नियम क्रमांक चार काल केला. येणाऱ्या प्रत्येक मेलला आपोआप उत्तर: 'आपला मेल मिळाला. यथावकाश पाहू. आभारी आहे.' सभ्यपणा म्हणून.

एका कर्जवाल्या कंपनीचा मेल आला. माझं उत्तर गेलं. त्यांच्याकडेही अशीच सोय. 'आपल्या मेलबद्दल धन्यवाद.' माझं: 'आपला मेल मिळाला.' त्यांचं: 'धन्यवाद.' जेवून येईपर्यंत ३१२ झाले. दोघंही शेवटपर्यंत नम्र होतो.

ते बंद कसं करायचं हे मला माहीत होतंच, फक्त बटण सापडत नव्हतं. शेवटी बसस्टँडजवळ अशफाककडे गेलो. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. दहावी नापास. त्यानं दोन सेकंदांत बंद केलं. वर म्हणाला, 'सर, येवढे नियम कशाला ठिवता? आधी मेल उघडून वाचत जा, मंग ठरवा.'

हाच फरक असतो कारागिरात आणि अभ्यासकात. उत्तराची सोय मात्र पूर्ण सोडायची नाही. निवडक ठिकाणी वापरायची.

१३ मे
नियम क्रमांक पाच: गल्लीचं सगळं 'गल्ली' नावाच्या फोल्डरमध्ये.

संध्याकाळी पिठाच्या गिरणीवाला परमेश्वर आला. पोराचं हॉलतिकीट आलं का विचारायला. आलं होतं. गल्लीत होतं. गल्लीत आणखी ४,३०० होते. दीड तास लागला. परमेश्वर ओसरीवर बसून तीन कप चहा प्याला. जाताना म्हणाला, 'सर, पैलं बरं होतं. समदं एका जागी सापडत न्हवतं, आता दोन जागी सापडत न्हाई.'

लोकांना बदल पचत नाही.

सत्यशीलेनं विचारलं, आलं का? नाही. घंटा वाजली का? नाही. मग आलं नाही.

१५ मे
एक नवीन मेल. पहिलीच ओळ: 'डियर मंगल, युवर ॲप्लिकेशन...' पुढचं दिसत नव्हतं. उघडला नाही. अनोळखी मेल उघडायचा नाही, हा पहिला धडा आहे, एमएससीआयटीतच शिकवतात.

कोण ही मंगल? माझा आयडी पुन्हा कुणीतरी न विचारता दिला. गिरणीवर गेलो. परमेश्वरला म्हटलं, तुझ्या घरात मंगल आहे का कुणी? म्हणाला, 'न्हाई बा. म्हशीचं नाव मंगळी हाय, पर तिनं फॉर्म भरला आसंल आसं वाटत न्हाई.' दळणाला आलेल्या बायका हसल्या. मला विनोद आवडला नाही.

मेल जंक केला.

सत्यशीलेला यातलं काही सांगितलं नाही. परक्या बाईचं नाव आपल्या मेलमध्ये येतंय म्हटल्यावर घरात काय समज होईल? संसारात काही गोष्टी नवऱ्यानं एकट्यानं सोसाव्या लागतात.

१७ मे
पुन्हा. 'डियर मंगल, विथ रेफरन्स टू...' पुन्हा जंक. ही फसवणुकीची नवीन रीत असणार. बाईच्या नावानं जाळं टाकायचं.

याशिवाय फोनवर दिवसभर अनोळखी कॉल. नियम क्रमांक सहा (हा फोनचा आहे, पण धोरण एकच): नंबर सेव्ह नसेल तर घंटा वाजणार नाही. डोक्याला ताप नाही.

१८ मे, सकाळी ६ ते ७.४०
नियम क्रमांक सात. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम नियम. यासाठी लवकर उठलो.

'मंगल' दिसलं की मेल कायमचा नष्ट, जंकमध्येही नाही. जंकमधले आधीचे दोन्हीही कायमचे पुसले. आणि नष्ट होण्याआधी पाठवणाऱ्याला आपोआप उत्तर. मसुदा तीनदा केला. शेवटी हा ठरला:

'महोदय, या नावाची कोणतीही स्त्री येथे राहत नाही व आमच्या कुटुंबाचा तिच्याशी काहीही संबंध नाही. कृपया पुन्हा मेल पाठवू नये, अन्यथा योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. आपला, आदिनाथ, वरिष्ठ लिपिक.'

'कोणतीही स्त्री' आधी 'कोणतीही व्यक्ती' होतं. स्त्री जास्त नेमकं वाटलं.

२० मे
सातने पहिला बळी घेतला. मेल आला, उत्तर गेलं, मेल नष्ट. मी फक्त आकडा वाढलेला पाहिला: नष्ट १. पाहत बसावंसं वाटलं.

आता एखादं छोटं पुस्तक लिहावं असं मनात आहे. 'इनबॉक्स शून्याकडे.' प्रस्तावना प्राचार्यांकडून घेता येईल, मेमोचं जरा विसरले की.

२२ मे
सत्यशीला मुलाखतीची तयारी करतेय. पत्र अजून नाही, तरी तयारी. वहीत प्रश्न लिहिलेत. मला म्हणाली, 'तुमी साहेब व्हा अन् विचारा.' मी खुर्चीवर बसलो, ती समोर स्टुलावर. विचारलं, मध्यरात्री एखाद्या मुलीला ताप आला तर काय कराल? ती लगेच बोलायला लागली. आधी अंग पुसून काढीन, थर्मामीटर, डॉक्टरचा नंबर भिंतीवर लावलेला असंल, आईबापाला फोन, आणि बाकीच्या पोरींना घाबरू न देता दुसऱ्या खोलीत निजवीन. पोरीचा हात सोडणार न्हाई, म्हणाली. पहिल्यांदाच घर सोडून आलेली असते.

छान बोलते. मला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांत मी तिला प्रश्न विचारले ते चहा झाला का, किल्ली कुठंय, एवढेच.

२५ मे
ऊन बेचाळीस. मेल: ६,०४०. ती दिवसातून चारदा विचारते. आज म्हणाली, 'बीडला जाऊन शाळेत इचारूनच येते. यष्टीनं सकाळी गेलं की सांजच्याला परत.' मी म्हटलं, जाहिरातीत काय लिहिलंय? फक्त ई-मेलनं. तू तिथं गेलीस तर त्यांना वाटेल हिच्या घरी मेलची सोय नाही. माझी काय राहिली? घंटा वाजेल तेव्हा वाजेल.

तिनं पिशवी भरून ठेवली होती, ती परत खुंटीला लावली.

२८ मे
नष्ट २. चिकाटी दांडगी आहे या मंगलवाल्यांची. पण नियम म्हणजे नियम.

२९ मे
सत्यशीलेनं मोरपंखी साडी इस्त्रीला दिली. सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातली. बघू म्हटलं तर म्हणाली, 'राहू द्या, तुमाला येळ न्हाई.' खरंच नव्हता. नियमांचा क्रम बदलत होतो. वरचा नियम आधी चालतो, हे आज कळलं. सातला सगळ्यात वर घेतलं.

१ जून
मेल: २,२१५. लवकरच शून्य. सत्यशीलेला म्हटलं, तुझं पत्र नाही म्हणजे त्यांनी निवडच केली नसेल. मनाला लावून घेऊ नकोस. गल्लीतल्या पोरांना ओसरीवर जमवून खाऊ देतेस, ती बालवाडी आहेच की तुझी. ती म्हणाली, 'व्हय.' एवढंच.

३ जून, सकाळी १०
अनिसाचा फोन आला होता. सत्यशीलेला. मी ओसरीवर होतो, हिचंच बोलणं ऐकू आलं. 'कवा? ... काल? ... न्हाई गं, मला न्हाई आलं ... तीनदा पुकारलं?'

काल मुलाखत झाली. अनिसाला पत्र आलं होतं वीस तारखेला; हिलाही आलंच असणार असं तिनं धरलं होतं. हिचंही नाव यादीत होतं. दारात शिपायानं तीनदा पुकारलं. कुणी उठलं नाही.

ती आत गेली. दार लावून घेतलं. मी मेल पुन्हा तपासला. 'अति महत्त्वाचे' फोल्डरमध्ये एकच मेल, माझी चाचणी. म्हणजे शाळेनं पाठवलाच नाही. शाळेचीच चूक. तसं मी तिला दाराबाहेरून सांगितलं.

४ जून
ती म्हणाली, 'अशफाककडं जाऊ. तुमीबी चला.' विचारलं नाही, सांगितलं. गेलो. शाळेचा ढिसाळपणा एकदा सिद्ध होऊ दे म्हणून.

अशफाकनं आधी फोन पाहिला. गप्प केलेले कॉल: बीडच्या लँडलाइनवरून, अठ्ठावीस, एकोणतीस आणि तीस मेला. मग मेल. इनबॉक्स पाहिला, जंक पाहिलं, कचरा पाहिला. नाही. मी म्हटलं, बघितलंस? तो म्हणाला, 'सर, आलेलं पुसता येतं. तुमी काय धाडलं ते बघू.' पाठवलेल्या मेलचा फोल्डर असतो हे मला माहीत आहे, फक्त त्याला नियम लावायचा राहिला होता.

तिथं माझी तीन उत्तरं. 'या नावाची कोणतीही स्त्री येथे राहत नाही.' आणि प्रत्येक उत्तराच्या खाली मूळ मेल जसाच्या तसा चिकटलेला.

वीस मे: मुलाखत दोन जूनला सकाळी अकरा वाजता, मूळ कागदपत्रं घेऊन यावं. अठ्ठावीस मे: आपल्याकडून चमत्कारिक उत्तर आलं आहे, फोनही लागत नाही, कृपया खुलासा करावा. तीन जून, म्हणजे काल: आपण गैरहजर राहिलात, सबब आपला अर्ज रद्द.

अशफाक वाचता वाचता थांबला. म्हणाला, 'भाभी, शाळा तर तीच हाय. पर ही मंगल कोण?'

ती म्हणाली, 'मी.'

सायंकाळी ५
घरी येताना ती दहा पावलं पुढे.

डीएडचे कागद माहेरच्या नावाचे. फॉर्म कागदांवर असतं त्या नावानं भरावा लागतो. ती मंगलच होती, बावीस वर्षांची होईपर्यंत. मग मी तांदळात अंगठी फिरवली.

लग्नपत्रिकेवर छापलेलं असणार. पत्रिका मी पाहिली होती. माझं नाव आणि हुद्दा बरोबर आलाय का, एवढंच पाहिलं होतं.

तिनं ४ मेला सांगायचा प्रयत्न केला होता. वर लिहिलंय मीच. 'नावाचं जरा.' मी पुढे ऐकलं नाही.

नियम मात्र एकदाही चुकला नाही. तिन्ही वेळा बरोबर चालला. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

५ जून
खुलाशाचा मेल चार वेळा पाठवला शाळेला. 'सदर स्त्री येथेच राहते.' प्रत्येक वेळी आपोआप उत्तर: 'आपला मेल मिळाला. धन्यवाद.'

७ जून
ती पहिल्या यष्टीनं एकटीच बीडला जाऊन आली. मी येतो म्हटलं, तर म्हणाली, 'तुमी काय सांगनार?' अनिसा स्टँडवर आली होती.

आल्यावर पाणी प्याली आणि सरळ सांगितलं. शाळेच्या मोठ्या बाई सज्जन होत्या. पण यादी वर गेली. त्यांनी फाइल काढून दाखवली. माझ्या उत्तराची प्रिंट काढून हिच्या अर्जाला टाचली होती. खाली शाईनं शेरा: 'उमेदवार अस्तित्वात नाही.' क्लार्कनं विचारलं, हे आदिनाथ कोण? 'काय सांगितलंस?' मी विचारलं. 'नवरा म्हणलं. त्यो हसला.'

अनिसाला ऑर्डर मिळाली. ही तिच्यासाठी पेढे घेऊन गेलती, धारूरातून. मला ते माहीत नव्हतं.

मला लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं, तर मी पंख्याची धूळ म्हणालो. पंखा बंद होता, लाइट नव्हती.

१० जून
सगळे नियम काढून टाकायचे ठरवलं. सहा निघाले. सातवा निघेना. डिलीट केलं की पुन्हा येतो. अशफाककडे जायची हिंमत नाही.

१४ जून, सकाळी ८
इनबॉक्स: ३,९०६ आणि वाढतोय. परमेश्वरनं गल्लीत सांगितलंय, सरांचा आयडी देऊ नका म्हणून. तरी येतात, जुने.

काल अशफाकनं तिला तिच्या स्वतःच्या मोबाइलवर आयडी काढून दिला. मंगल नावानं. पासवर्ड मला सांगितलेला नाही. मी विचारलाही नाही. पुढच्या जाहिरातीत वयाची अट शिथिल होईल अशी अनिसानं बातमी दिलीय. खरी की खोटी, देव जाणे.

मी तिला पहिला मेल लिहिला. 'डियर मंगल' अशी सुरुवात केली. माफी मागितली, सविस्तर, दीड पान. सकाळी विचारलं, आला का? तिनं चुलीपुढून उठून मोबाइल बघितला. म्हणाली, 'आलाय. जंकमधी पडलाय. आपोआपच गेला वाटतं.'

मी म्हटलं, तिथं 'हा जंक नाही' असं एक बटण असतं, ते दाबायचं.

म्हणाली, 'बगू. आधी वाचते.'